ओपन सोर्स इलेक्ट्रॉनिक लॅब नोटबुक: निवडताना आधी काय तपासायचं?

प्रयोगवही

आमच्या ग्रुपमध्ये कागदी लॅबबुक सोडून इलेक्ट्रॉनिक नोटबुकवर जायचं असं नक्की झालंय. कुठलं घ्यायचं यावर मात्र रोज नवीन मत ऐकायला मिळतंय, म्हणून धागा काढतेय. संशोधन करणारे आणि सर्व्हर सांभाळणारे दोघंही बोलले तर बरं होईल. ईएलएन म्हणजे इलेक्ट्रॉनिक लॅब नोटबुक, पुढे हेच वापरते.

आधी माझं मत सांगते. निवडायची वेळ आली की लोक फीचर्सचा तक्ता काढून बसतात, एडिटर कसा आहे, रेणूचं चित्र काढता येतं का, फ्रीजरमधल्या ट्यूबांचा हिशोब राहतो का, मायक्रोस्कोपचं बुकिंग होतं का वगैरे. हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या लोकांनी तर असा मोठा तुलनातक्ता करून सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, कामाचा आहे, जरूर बघा. पण हे सगळं नंतर. सगळ्यात आधी बघायचं ते हे की आत टाकलेला डेटा बाहेर कसा येतो, आणि बाहेर आल्यावर ते सॉफ्टवेअर नसलेल्या माणसाला तो वाचता येतो का. कारण प्रयोगाची नोंद सॉफ्टवेअरपेक्षा जास्त जगते. पेपर छापून आल्यावर काही वर्षांनी कुणीतरी मेल करतं की आकृती तीनमधला कंट्रोल नेमका कुठला होता, तोपर्यंत तो प्रयोग करणारी मुलगी दुसऱ्या खंडात पोस्टडॉक करत असते आणि ज्या क्लाउड सर्व्हिसवर वही होती तिचे नियम बदललेले असतात.

ओपन सोर्सच का, तर फुकट मिळतं म्हणून नाही. सर्व्हर, बॅकअप, अपग्रेड, माणसाचा वेळ या सगळ्याचा खर्च असतोच. कारण असं की कोड उघडा असला की डेटाबेसमध्ये कुठल्या टेबलात काय आहे हे कळतं, उद्या करणाऱ्यांनी हात वर केले तरी जुनी आवृत्ती चालू ठेवून आपला माल काढून घेता येतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये ते जेवढं एक्स्पोर्ट देतील तेवढंच आपलं.

आत्तापर्यंत यादीत आहेत ते असे. ईलॅबएफटीडब्ल्यू, पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये २०१२ च्या सुमारास सुरू झालं, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. ओपनबिस, झुरिकच्या ईटीएचचं, हे नोटबुक आणि सॅम्पल मॅनेजमेंट दोन्ही एकत्र. केमोशन, कार्ल्सरुहच्या केआयटीचं, खास केमिस्ट्रीसाठी. तिथलंच कादी४मॅट, ते मटेरियल सायन्सवाल्यांचं. सायनोट आहे, आणि आरस्पेस, जे आधी बंद होतं आणि २०२४ मध्ये त्याचा कोड खुला केला. ज्यांनी यातलं काही रोजच्या कामात वापरलंय त्यांनी सविस्तर लिहा, वेबसाइटवरची माहिती मी वाचलेली आहे.

कागदप्रेमी

मी विरोधी मत मांडतो, कारण अशा चर्चेत ते कुणी मांडत नाही.

कागदी वहीला पासवर्ड लागत नाही, अपग्रेड लागत नाही, वीज गेली तरी लिहिता येतं. नीट बांधलेली, पानांना नंबर असलेली, पक्क्या शाईने लिहिलेली वही शंभर वर्षांनी उघडा, वाचता येते. फॅरेडेने आपल्या प्रयोगांच्या नोंदींना १८३२ पासून सलग क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि तो १६,०४१ पर्यंत गेला, त्या नोंदी आजही परिच्छेद क्रमांकाने शोधता येतात. लायनस पॉलिंगच्या ४६ संशोधन वह्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीने स्कॅन करून ठेवल्यात, त्या स्कॅन करता आल्या कारण मुळात वह्या शाबूत होत्या. तुमच्या डॉकर कंटेनरचं (सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधून चालवायची पेटी) शंभर वर्षांनी काय होणार याची कल्पना करा.

दुसरं म्हणजे बेंचवर हातात ग्लोव्ह्ज असतात. ज्या ग्लोव्ह्जने जेल धरलं त्याच हाताने कीबोर्ड धरायचा का? मग लोक काय करतात, तर टिश्यूवर नाहीतर चिठ्ठीवर आकडे लिहितात आणि संध्याकाळी टाईप करतात. म्हणजे मूळ नोंद चिठ्ठीवर आणि वहीत तिची नक्कल. नोंद त्याच क्षणी व्हायला हवी हा जो मूळ नियम आहे तोच मोडतो.

प्रयोगवही

@कागदप्रेमी, फॅरेडेचं उदाहरण मला फार आवडलं, आणि ते माझ्याच बाजूचं आहे असं मला वाटतं. सलग क्रमांक देणं म्हणजे शोधायची सोय करून ठेवणं. त्याच्या वहीत नंतर जाऊन "परिच्छेद अमुक पहा" असं लिहिता येत होतं, ईएलएनमध्ये एका प्रयोगातून दुसऱ्या प्रयोगाला, त्यातून वापरलेल्या अँटिबॉडीच्या लॉटला लिंक देता येते ही तीच गोष्ट पुढे नेलेली आहे. एखादा लॉट खराब निघाला तर तो कुठल्या कुठल्या प्रयोगात वापरला हे कागदावर शोधायला सगळ्यांच्या वह्या चाळाव्या लागतात.

ग्लोव्ह्जचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. त्याला सॉफ्टवेअर उत्तर देत नाही. बेंचसाठी वेगळा टॅब्लेट, पारदर्शक पिशवीत, तो लॅबच्या बाहेर न्यायचा नाही, असं काही ठिकाणी करतात. किंवा छापलेला टेम्प्लेट बेंचवर ठेवायचा, त्यावर पेनाने आकडे भरायचे आणि त्या कागदाचा फोटो त्याच दिवशी नोंदीला जोडायचा. मूळ कागदाचा फोटो जोडलेला असला की नक्कल झाली असं म्हणता येत नाही.

सर्व्हररूम

मी संशोधक नाही, सर्व्हर सांभाळतो, तीन-चार ग्रुपांचं ईलॅबएफटीडब्ल्यू माझ्याकडे चालतं त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

इन्स्टॉल करणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. डॉकरवर चालतं, एक वेब कंटेनर एक मायएसक्यूएलचा, सेटिंगची एक फाईल, झालं. मशीनही फार तगडं लागत नाही. लोक इथेच खूश होतात आणि पुढचा विचार करत नाहीत, खरं घोडं पुढे अडतं.

बॅकअप म्हणजे तीन वस्तू. डेटाबेसचा डंप, अपलोड केलेल्या फायलींचं फोल्डर, आणि सेटिंगची फाईल ज्यात सीक्रेट की असते. लोक पहिली घेतात, दुसरी विसरतात. डेटाबेस परत आला पण जेलचे फोटो, एक्सेल, पीडीएफ काहीच नाही, मग त्या नोंदींचा उपयोग काय. ईलॅबसीटीएल नावाची स्क्रिप्ट त्यांनीच दिलीये ती बॅकअप काढून देते, पण तो बॅकअप त्याच मशीनवर पडून राहिला तर डिस्क गेली की दोन्ही जातं. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत, हा जुना नियम इथे डोळे झाकून पाळा.

आणि रिस्टोअर करून बघा. वर्षातून एकदा तरी कोऱ्या मशीनवर बॅकअपमधून सगळं उभं करायचं, एखाद्या संशोधकाला बसवायचं आणि सांगायचं की तुझा मागच्या वर्षीचा अमुक प्रयोग उघड, जोडलेली फाईल डाऊनलोड कर. तिला मिळाली तर बॅकअप आहे, नाहीतर नाही.

अपग्रेडचं: रिलीज नोट्स वाचल्याशिवाय करू नका, आवृत्ती बदलते तेव्हा डेटाबेसची रचनाही बदलते आणि त्यासाठी वेगळी कमांड चालवावी लागते. आणि दोन वर्षं काहीच न करता एकदम उडी मारायची हे तर अजिबात नको. नेटवर उघडं ठेवलेलं असेल तर सिक्युरिटी अपडेटला उशीर चालत नाही. लॉगिन संस्थेच्याच खात्याला जोडा, एलडॅप किंवा सॅमलने, म्हणजे माणूस सोडून गेला की खातं आपोआप बंद होतं आणि पासवर्ड विसरलो म्हणून रोज मला फोन येत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, हे काम कुणाचं ते आधी ठरवा आणि लेखी ठरवा. "आमच्यातल्या एकाला लिनक्स येतं" यावर उभी केलेली सिस्टिम तो माणूस डिग्री घेऊन गेला की वाऱ्यावर. असा माणूस कायमचा नसेल तर स्वतः होस्ट करू नका, ओपन सोर्सच सॉफ्टवेअर पण होस्टिंग त्याच लोकांकडून किंवा संस्थेच्या आयटीकडून घ्या. त्यात कमीपणा नाही. कोड खुला असल्यामुळे उद्या दुसरीकडे हलवता येतं, ही खरी मोकळीक.

रेणूसूत्र

+१ सर्व्हररूम.

आम्ही सिंथेसिसवाले, केमोशन वापरतो. केमिस्टला साधा टेक्स्ट एडिटर देऊन भागत नाही. रिअॅक्शन काढली की अभिकारकांचा तक्ता आपोआप तयार होतो, एकाचं वजन टाकलं की मोल, इक्विव्हॅलंट्स, बाकीच्यांची वजनं सगळं काढून देतं, शेवटी प्रॉडक्टचं वजन टाकलं की यील्ड. हे सगळं हाताने कॅल्क्युलेटरवर करताना रेणुभाराची चूक झाली की ती पुढे सगळ्या बॅचमध्ये जाते.

शोधायचं तर रचनेवरून शोधता येतं. म्हणजे पिरिडीनचं वलय काढायचं आणि ग्रुपमध्ये ते असलेलं कुणीकुणी काय बनवलंय ते दिसतं. मला तर या एकाच गोष्टीसाठी बाकी सगळं सोसायला हरकत नाही, कारण आपल्या आधीच्या विद्यार्थ्याने हेच इंटरमिजिएट बनवून बाटली शेल्फवर ठेवलेली असते आणि आपण पुन्हा पहिल्या स्टेपपासून सुरू करतो. एनएमआर, आयआरचे स्पेक्ट्रा जेकॅम्प फॉरमॅटमध्ये टाकले तर ब्राउझरमध्येच उघडतात आणि पीक मार्क करता येतात. पेपरच्या वेळी तोच डेटा केमोशनच्या रिपॉझिटरीत पाठवून डीओआय (डेटाचा कायमचा ओळखक्रमांक) मिळतो, पुन्हा सगळं टाईप करत बसावं लागत नाही.

उणी बाजू पण सांगतो. बायोलॉजीच्या लॅबला हे जड वाटेल, त्यांच्या कामाची रचनाच वेगळी. आणि शिकायला वेळ लागतो, नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

नवीनपीएचडी

छान धागा, वाचनखूण साठवली आहे. मला एक शंका आहे. कागदावर खाडाखोड दिसते. ईएलएनमध्ये मी मागच्या महिन्याच्या नोंदीतला आकडा बदलला तर कुणाला कळणार? आणि समजा माझ्या बाजूने सॉफ्टवेअरने इतिहास ठेवला, पण सर्व्हरवाल्याने किंवा गाईडने थेट डेटाबेसमध्येच बदल केला तर? मग उद्या कुणी आरोप केला तर मी माझं खरं कसं सिद्ध करणार?

डेटासांभाळ

@नवीनपीएचडी, फार चांगला प्रश्न आहे आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत, म्हणून जरा लांब उत्तर देते. मी लायब्ररीत संशोधनाच्या डेटाचं काम बघते.

पहिला थर म्हणजे सॉफ्टवेअरमधला इतिहास. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते, जुनी आवृत्ती उघडून बघता येते, नोंद लॉक करता येते. रोजच्या कामाला एवढं पुरतं. पण तुम्ही म्हणता तसं, ज्याच्या हातात डेटाबेस आहे त्याच्या हातात इतिहासही आहे. ओपन सोर्स असो की बंद, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणून दुसरा थर बाहेरचा लागतो, तो म्हणजे विश्वासार्ह टाइमस्टॅम्प. नोंदीचा सगळा मजकूर घेऊन त्याचा एसएचए-२५६ सारखा हॅश काढतात, म्हणजे मजकूर कितीही मोठा असो त्यातून एक ठरावीक लांबीची आकड्या-अक्षरांची ओळ निघते, आणि मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. हा हॅश बाहेरच्या टाइमस्टॅम्प सर्व्हिसकडे जातो, ते त्यावर वेळ घालून डिजिटल सही करून टोकन परत देतात. याची पद्धत आरएफसी ३१६१ मध्ये ठरवून दिलीये, २००१ ची आहे, नवीन काही नाही. ईलॅबएफटीडब्ल्यूमध्ये यासाठी बटण आहे. लक्षात घ्या की बाहेर फक्त हॅश जातो, तुमचा मजकूर जात नाही, त्यामुळे अप्रकाशित काम फुटायची भीती नाही. नंतर कुणीही, तुमच्या सर्व्हरवर अजिबात विश्वास न ठेवता, ती फाईल आणि ते टोकन घेऊन ओपनएसएसएल या मोफत प्रोग्रामने तपासू शकतं की हा मजकूर त्या तारखेला असाच होता.

आता यातून काय सिद्ध होत नाही तेही बघा. त्या वेळी तो मजकूर अस्तित्वात होता एवढंच सिद्ध होतं. आकडा खरा होता का, लिहिणारे तुम्हीच होतात का, हे त्यातून कळत नाही. आणि प्रयोग मार्चमध्ये करून टाइमस्टॅम्प ऑगस्टमध्ये मारला तर पुरावा ऑगस्टचा. म्हणून प्रयोग संपला की लगेच मारायची सवय लावा, पेपर लिहायला घेतल्यावर नको. टोकन आणि ती फाईल दोन्ही स्वतःकडे एक्स्पोर्ट करून ठेवा.

पेटंटसाठी साक्षीदाराची सही लागतेच असं अजून बऱ्याच ठिकाणी सांगतात. अमेरिकेत १६ मार्च २०१३ पासून जो आधी अर्ज करेल त्याचा हक्क अशी पद्धत आली, त्यामुळे शोध आधी कुणी लावला यावरची वहीची लढाई तिथे पूर्वीइतकी राहिली नाही. पण गैरव्यवहाराची चौकशी, सहलेखकांमधला वाद, यात वही आजही पहिला पुरावा असते.

आणि औषधांच्या नियमनाखाली काम करत असाल तर अमेरिकन एफडीएचा २१ सीएफआर भाग ११ हा इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा नियम लागू होतो, तो १९९७ चा आहे. त्यासाठी नुसतं सॉफ्टवेअर बसवून चालत नाही, तुमच्या ठिकाणची बसवणी, कामाच्या लेखी पद्धती, प्रशिक्षण सगळं तपासून सिद्ध करावं लागतं. कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप त्या नियमात बसत नाही, कुणी तसं सांगितलं तर कागद मागा.

ज्युपिटरवाली

इतकं सगळं करण्यापेक्षा मार्कडाऊनच्या (साध्या खुणांनी मांडणी केलेला टेक्स्ट) फायली, ज्युपिटर (कोड, उत्तर आणि टिपा एकाच पानावर ठेवणारी नोटबुक) आणि गिट (फायलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरलं तर? मी कॉम्प्युटेशनल काम करते. साधा टेक्स्ट आहे, पन्नास वर्षांनी कुठल्याही एडिटरमध्ये उघडेल. गिटमध्ये प्रत्येक बदलाचा हॅश आधीच्या बदलावर अवलंबून असतो, इतिहास गुपचूप बदलता येत नाही, बदलला तर दुसऱ्याच्या क्लोनमध्ये लगेच दिसतं. एक्स्पोर्टचा प्रश्नच नाही कारण सगळं आधीच बाहेर आहे. @प्रयोगवही, तुमच्या पहिल्या कसोटीवर हे सगळ्यांपेक्षा वर येतं.

ज्युपिटरमध्ये एक सांभाळायचं. सेल (म्हणजे कोडचे तुकडे) उलटसुलट क्रमाने चालवून आलेलं उत्तर तसंच सेव्ह होतं आणि नंतर वरपासून चालवलं की येत नाही. २०१९ मध्ये गिटहबवरच्या चौदा लाखांच्या आसपास ज्युपिटर नोटबुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या ज्या चालवून बघितल्या त्यापैकी सुमारे २४ टक्केच एररशिवाय पूर्ण चालल्या आणि तेच उत्तर देणाऱ्या ४ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा कमिट करायच्या (बदल गिटमध्ये नोंदवायच्या) आधी कर्नल (कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळं पहिल्यापासून चालवायचं, आणि लायब्ररींच्या आवृत्त्यांची फाईल सोबत ठेवायची. हे अंगवळणी पडलं की यापेक्षा चांगली वही मला तरी माहीत नाही.

प्रयोगवही

@ज्युपिटरवाली, एकट्या कॉम्प्युटेशनल माणसासाठी अगदी मान्य. पण आमच्याकडे दिवसभर सेल कल्चर करणारी मुलं आहेत त्यांना मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांनी एकच ओळ बदलली की गिटमध्ये होणारा गुंता) सोडवायला लावणं मला पटत नाही. प्लाझ्मिडची यादी, परमिशन, कुणाला कुठला प्रोजेक्ट दिसावा, हे सगळं गिटवर बसवता येतं पण ते बसवणारा आणि शिकवणारा माणूस रोज लागतो. कोडसाठी गिट, बेंचसाठी ईएलएन, आणि नोंदीत त्या कमिटचा हॅश लिहायचा, हे जमतं.

पेशीजाल

मायक्रोस्कोपीवाल्यांसाठी एक सूचना, मोठा डेटा ईएलएनमध्ये अपलोड करू नका. एका लाइटशीट रनचा डेटा टेराबाइटमध्ये जातो, तो ब्राउझरमधून चढवायचाच नसतो. तो स्टोरेजवर ठेवा, नोंदीत पाथ आणि चेकसम (फाईल बदलली नाही ना ते तपासायचा हॅश) लिहा. फोटोंसाठी ओमेरो आहे, तेही ओपन सोर्स, मायक्रोस्कोपचा मेटाडेटा वाचतं.

याच कारणासाठी आम्ही ओपनबिसवर गेलो. त्यात ड्रॉपबॉक्स म्हणून सोय आहे, क्लाउडवाल्या कंपनीचा संबंध नाही, मशीनच्या कॉम्प्युटरने ठरलेल्या फोल्डरमध्ये फाईल टाकली की ती आपोआप योग्य सॅम्पलला जोडून नोंदवली जाते. डेटासेट एकदा नोंदवला की त्यातल्या फायली बदलता येत नाहीत, नवीन डेटासेट करावा लागतो. आणि सॅम्पलची वंशावळ ठेवता येते, ही स्लाइड या ब्लॉकची, हा ब्लॉक या उंदराचा, त्यामुळे स्लाइडवर उभं राहून मागे उंदरापर्यंत जाता येतं. पायबिस वापरून पायथनमधून थेट डेटा ओढता येतो.

पण सुरुवातीला स्पेस, प्रोजेक्ट, कलेक्शन, ऑब्जेक्ट ही रचना आखायला बसावं लागतं. न आखता सुरू केलं तर वर्षाने प्रत्येकाचं वेगळंच झाड उगवलेलं असतं. लहान लॅबला एवढं कशाला, असं प्रामाणिक मत.

सर्व्हररूम

लायसन्सबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. ईलॅबएफटीडब्ल्यू आणि केमोशन एजीपीएल ३ खाली आहेत, म्हणजे कुणी त्यात बदल करून नेटवरून सर्व्हिस म्हणून दिलं तर वापरणाऱ्यांना तो बदललेला कोड द्यावा लागतो. ओपनबिस आणि कादी४मॅट अपाचे २.० खाली, तिथे हे बंधन नाही, कुणी बंद आवृत्ती काढू शकतं. सायनोट मोझिला लायसन्सचं. नुसतं वापरणाऱ्या लॅबला यातल्या कशानेच अडचण येत नाही, तुमचा डेटा तुमचाच, लायसन्स फक्त कोडला लागू. जिथे मागे कंपनी आहे तिथे खुल्या आवृत्तीत काय आहे आणि पैशाच्या आवृत्तीत काय हे मात्र रिपॉझिटरी उघडून बघा, जाहिरातीचं पान बघून ठरवू नका. शेवटचा कमिट कधीचा, इश्यूंना उत्तरं येतात का, किती जण कोड लिहितायत, हेही तिथेच दिसतं.

प्रयोगवही

सगळ्यांचे आभार, आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते, कारण मधल्या काळात एक्स्पोर्टवर बरंच करून बघितलं.

पीडीएफ माणसाला वाचायला उत्तम पण त्यातून तक्ता परत काढणं जीवावर येतं. सीएसव्ही चांगलं पण त्यात फोटो, लिंका काही नाही. मधला मार्ग म्हणून ईएलएन कन्सॉर्शियमने डॉट ईएलएन फॉरमॅट काढलाय. वेगवेगळी नोटबुकं बनवणारे लोक एकत्र येऊन केलेला आहे म्हणून मला त्याचं महत्त्व वाटतं. आत बघितलं तर साधी झिप फाईल आहे, प्रत्येक नोंदीचं फोल्डर, जोडलेल्या फायली जशाच्या तशा, आणि आरओ-क्रेटच्या (संशोधनाचा डेटा आणि त्याची माहिती एकत्र बांधायची खुली पद्धत) नियमाने लिहिलेली एक जेसन फाईल ज्यात कुठली नोंद कुणाची, कधीची, कशाला जोडलेली हे सगळं लिहिलेलं असतं. म्हणजे सॉफ्टवेअर नसलं तरी झिप उघडून टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येतं.

पण एका सॉफ्टवेअरमधून काढून दुसऱ्यात टाकलं की सगळं जसंच्या तसं बसतं असं समजू नका. शीर्षक, मजकूर, फायली, तारखा सहसा येतात. परमिशन, जुन्या आवृत्त्यांचा इतिहास, त्या सॉफ्टवेअरचे खास रकाने, इथे माशी शिंकते. एकाकडे "तापमान" हा एककासकट आकड्याचा रकाना असतो, दुसरीकडे तो नुसता मजकूर होऊन बसतो.

त्यामुळे निवडीसाठी मी ही चाचणी ठरवलीये. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकच खरा प्रयोग टाकायचा, तोही किचकट, तक्ता, जेलचे फोटो, इन्स्ट्रुमेंटची मूळ फाईल, दुसऱ्या प्रयोगाची लिंक, मायक्रोलीटरचं चिन्ह, मराठीत लिहिलेली टीप, सगळं असलेला. मग तो पूर्ण बाहेर काढायचा आणि ज्याने ते सॉफ्टवेअर कधीच बघितलं नाही अशा लॅबमधल्या माणसाच्या हातात नुसती झिप द्यायची. त्याने त्यावरून प्रयोग परत करता येईल का ते सांगायचं. मराठीची टीप मुद्दाम, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट नसला की देवनागरीच्या जागी चौकोन येतात किंवा जोडाक्षरं सुटी पडतात.

टेम्प्लेटबद्दल पण लिहायचं होतं. सॉफ्टवेअर कुठलंही असो, कोऱ्या पानासमोर बसवलं की माणूस "पीसीआर केला, बँड आला" एवढंच लिहितो. टेम्प्लेटमध्ये सायकलची संख्या, प्रायमरचा लॉट, मशीन कुठलं, अपेक्षेपेक्षा वेगळं काय झालं, असे रकाने आधीच असले की भरले जातात. आणि "काय फसलं" हा रकाना मी सक्तीचा ठेवणार आहे. ड्रेक्सेलच्या जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी २००६ मध्ये ओपन नोटबुक सायन्स ही कल्पना मांडली, त्यात न जमलेले प्रयोगही त्याच दिवशी जगासमोर ठेवायचे. तेवढं उघडं आम्ही लगेच करणार नाही, पण निदान ग्रुपमधल्या पुढच्या माणसाला तरी कळावं की हे तापमान आधी करून झालंय आणि ते चालत नाही. पेपरमध्ये हे कधीच छापून येत नाही, ते फक्त वहीतच सापडतं.

कागदप्रेमी

न जमलेल्या प्रयोगांचा मुद्दा पटला. माझ्या कपाटातल्या वह्यांमध्ये असं पुष्कळ आहे आणि ते माझ्याशिवाय कुणाला सापडणार नाही हे मान्य करावं लागेल. जुन्या वह्यांचं काय करणार आहात पण? स्कॅन?

डेटासांभाळ

स्कॅन करा, पण सगळ्या पानांचं टायपिंग करायच्या भानगडीत पडू नका, ते कधीच पूर्ण होत नाही. प्रत्येक वहीची एक नोंद ईएलएनमध्ये करा, वही क्रमांक, कुणाची, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, कुठले प्रोजेक्ट, कपाटातली जागा, आणि स्कॅनची फाईल जोडा. पहिल्या पानांवर अनुक्रमणिका असेल तर तेवढी टाईप करा, शोधायला तेवढी बहुतेक वेळा पुरते. मूळ वही फेकायची नाही. एनआयएच या अमेरिकन सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने आपल्या स्वतःच्या प्रयोगशाळांना ३० जून २०२४ पर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंदींवर यायला सांगितलं होतं तेव्हापासून हा प्रश्न सगळीकडेच विचारला जातोय.

नवीनपीएचडी

शेवटची शंका. डिग्री संपवून गेले की माझं खातं बंद होणार, मग माझ्या नोंदी माझ्याकडे राहतील का? की सगळं लॅबचं?

डेटासांभाळ

मूळ रेकॉर्ड बहुतेक ठिकाणी संस्थेचं असतं, ते तिथेच राहायला हवं. कॉपी नेता येते का हे संस्थेच्या आणि निधी देणाऱ्याच्या नियमावर आहे, ते रुजू होतानाच विचारून घ्या, जाताना विचारलं तर घाईत कुणी नीट उत्तर देत नाही. रुग्णांचा डेटा किंवा पेटंटचं काम असेल तर कॉपी मिळणार नाही असंच धरून चाला.

प्रयोगवही

आमच्याकडे खातं बंद व्हायच्या आधी असं ठरवतोय: जाणाऱ्याने आपल्या सगळ्या नोंदींचं डॉट ईएलएन आणि पीडीएफ दोन्ही काढायचं, संस्थेच्या स्टोरेजवर ठेवायचं, आणि पुढे काम घेणाऱ्याने त्यातला एक प्रयोग फक्त त्या नोंदीवरून करून दाखवायचा, जाणारा माणूस इमारतीत असेपर्यंत. कुठे अडलं तर तिथल्या तिथे नोंदीत भर घालता येते. यादीतल्या दोन सॉफ्टवेअरवर चाचणी सुरू केलीये, ईलॅबएफटीडब्ल्यू आणि ओपनबिस. झिप उघडून बघायला लॅबबाहेरचा कुणी तयार असेल तर व्यनि करा, खोटा डेटा घातलेली एक प्रत पाठवते.